कलमकाकांची पाहणी

लग्नाच्या मांडवात आंतरपाट धरलेला आहे, भटजी शेवटच्या मंगलाष्टकावर आले आहेत, सगळी माणसं मुठीत अक्षता घेऊन ताटकळली आहेत, आणि एकच मनुष्य मान वर करून मांडवाच्या कापडाकडे पाहतो आहे. शेवटी त्याला राहवत नाही. तो गर्दीतून वाट काढत नवरीच्या बापाच्या कानाशी लागतो.

"ती गॅसबत्ती कापडापासून हातभर लांब घ्या. आणि सांगून ठेवतो, मांडव कलमात बसत नाही. मांडव म्हणजे घर नव्हे."

नवरीचा बाप बिचारा रडायच्या तयारीत असतो. तो रडायचं विसरून गॅसबत्तीकडे पाहायला लागतो, आणि तेवढ्यात 'सावधान' होऊन जातं.

हे त्र्यंबकराव पाठक. मुक्काम साखरखेर्डा, धंदा विम्याच्या एजन्सीचा. माणसाच्या जिवाचा विमा नव्हे. घर, दुकान आणि मोटार यांचा. पॉलिसीच्या मागच्या बाजूला इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत जी कलमं छापलेली असतात, ती या माणसाला तोंडपाठ. जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी दोन भाग पाडले होते. एक कलमात बसणाऱ्या, दुसऱ्या न बसणाऱ्या. सूर्य, चंद्र, बायको, दुष्काळ हे सगळं दुसऱ्या भागात. आमच्याकडे लोक त्यांना कलमकाका म्हणत. तोंडावरसुद्धा.

एकदा कोणाच्या कडब्याची गंजी पेटली. गाव बादल्या घेऊन धावलं. कलमकाकाही त्या दिवशी आमच्या गावी, दुसरबीडला होते, तेही धावले. हातात बादली, धोतराचा काचा सुटलेला, आणि तोंडाने विचारून राहिले, "वीज पडली की कोणी बिडी टाकली? आपोआप पेटली असेल तर कलमात नाही हं!" गंजीच्या मालकाने त्याच बादलीतलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. मला विचाराल तर बरं केलं.

आता मी कोण, तेही सांगतो. मी दुसरबीडचा नामदेव. एस.टी. थांबते तिथे टोपलीत शेंगा विकण्यापासून सुरुवात केली. आज रस्त्याला लागून माझं दुकान आहे, मागे स्वतः बांधलेलं घर आहे, आणि अकोल्याच्या एका डॉक्टरकडून घेतलेली जुनी मोटारही आहे. यातलं काहीही मी समोरच्याने सांगितलेल्या भावात घेतलेलं नाही. देवळाबाहेर नारळ घेतानासुद्धा मी भाव करतो, आणि देवाची त्याला कधी हरकत दिसली नाही. तर मला या कलमकाकाने बुडवलं. साधंसुधं नाही, गावासमोर उभा राहून बुडवलं. म्हणून त्याच्याविषयी मी गोड लिहीन अशी आशा कोणी ठेवू नये.

आधी मोटारीचं. मोटार घेतली तेव्हा काका छत्री टेकीत हजर झाले आणि म्हणाले, "मोठी पॉलिसी घ्या. तिच्यात स्वतःच्या गाडीचं नुकसानही येतं." मी म्हटलं, लहान दाखवा. ते म्हणाले, लहानमध्ये फक्त दुसऱ्याचं नुकसान. मी म्हटलं, त्यातही कमी करा. "याच्यात भाव होत नसतो, नामदेवराव. हा काही भाजीचा बाजार नव्हे." या एका वाक्यावरूनच मला त्यांची चीड आली होती. ज्या वस्तूचा भाव होत नाही ती वस्तू विकणारा मनुष्य सरळ असूच शकत नाही, असं माझं मत आहे.

लहान पॉलिसी घेतली. दसऱ्याला मोटार धुतली, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढच्या बंपरवर नारळ फोडला. नारळ फुटला आणि त्याच्या सोबतीने डावा दिवाही फुटला. मी काकांना गाठलं.

"नारळ कोणी मारला?" काका.

"म्या."

"चुकून?"

"नारळ काय कोणी चुकून फोडते?"

"मग संपलं. मालकाने स्वतःच्या हाताने, मुद्दाम, चार माणसांसमोर केलेलं नुकसान. हे लहानमध्ये नाही, मोठ्यातही नाही. स्वर्गातल्या पॉलिसीतही नसेल."

पुढे उंद्रीच्या रस्त्यावर एक बकरी मोटारीखाली आली. कंपनीने बकरीवाल्याला भरपाई दिली, आणि माझा चेपलेला पत्रा तसाच. मी विचारलं, "म्हणजे बकरी बसते अन् मी बसत नाही?"

"बकरीवाला तिसरी बाजू आहे. पॉलिसी तिसऱ्या बाजूसाठी आहे."

"मग पहिली बाजू कोण?"

"तुम्ही. दुसरी कंपनी."

"अन् पहिल्या बाजूले काय भेटते?"

काकांनी थोडा विचार केला. "पावती," ते म्हणाले.

एवढ्यावर शहाण्या माणसाने हा मनुष्य सोडून दिला असता. पण मी घराचाही विमा यांच्याकडूनच उतरवला. कारण असं की दुसरा एजंट चिखलीला राहत होता आणि तो नुसतं घरी ये म्हटलं तरी एस.टी.चं भाडं मागायचा. काका भाडं मागत नसत. पण त्यांनी दुसरंच एक शेपूट लावलं. वर्षाची पाहणी.

दिवाळी आटोपली की एक दिवस सकाळच्या गाडीने काका उतरत. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. "वर्षाची पाहणी आहे," असं ते अशा आवाजात म्हणत की तहसीलदार आल्यासारखं वाटावं. मग छत्रीच्या मुठीने एकेक भिंत ठोकून पाहत. वाशांकडे डोळे बारीक करून बघत. कंदिलाची काच काढून बघत. दारावरच्या लिंबू-मिरचीकडे बोट करून म्हणत, "हे असू द्या. याने हप्ता कमी होत नाही, पण असू द्या." मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून माझ्या बायकोला विचारीत, "चुली किती? घरात माणसं किती?"

"चूल एक, माणसं सहा," बायको सांगे. मी, ती, माझी आई आणि तीन पोरं.

"गेल्या वर्षी धाकटीला खोकला होता. गेला का?"

"काका," मी दुकानातून ओरडत असे, "खोकला कलमात बसते काय?"

"बसत नाही," काका शांतपणे म्हणत आणि धाकटीची पाठ थोपटत.

त्यानंतर माझी आई त्यांना पकडी. आईजवळ तिच्या माहेरच्या विहिरीची एक गोष्ट आहे. ती घरात सगळ्यांनी इतक्या वेळा ऐकली आहे की ती सुरू झाली की मांजरसुद्धा उठून जातं. काका ती दरवर्षी पहिल्यापासून ऐकत. मध्येच विचारीत, "मग विहिरीला कठडा होता की नव्हता?" आई खूश. तोवर जेवणाची वेळ होई. मग ओघानेच पाट मांडावा लागे. मी मनात म्हणे, वा रे पाहणी! बरोबर भाकरीच्या वेळेला भिंती पक्क्या निघतात.

आता मुद्द्याचं. ज्यांना वऱ्हाड माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्याकडे वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो. मधल्या खोलीत टाकायला लागायचं ते थेट आढ्याला भिडेपर्यंत. पोरं त्यात उड्या मारतात, पाहुणे त्यावर झोपतात, मांजर त्यात वितं. ज्या घरात सीझनला कापूस नाही, त्या घरात सोयरीक करायलाही लोक कचरतात. माझा स्वतःचा थोडा आणि विकत घेतलेला बराच, असा कापूस मी त्या वर्षी मधल्या खोलीत भरला होता. भाव चढायची वाट पाहत होतो. पाहणीला आलेल्या काकांनी तो पाहिला तेव्हा छातीपर्यंत आला होता.

"नामदेवराव, हे काय?"

"कापूस. काऊन, कधी पाह्यला नाही?"

"पॉलिसी राहत्या घराची आहे. यात कापूस भरला की ते घर राहत नाही, गोदाम होतं. गोदामाचा दर वेगळा. मी कंपनीला कळवतो, थोडा हप्ता वाढेल. नाहीतर हा कापूस शेतातल्या शेडमध्ये हलवा."

"माह्या घरात माही माय झोपते, लेकरं झोपते, अन् तुमची कंपनी त्याले गोदाम म्हणते?"

"कलम म्हणतं."

"हलवतो, हलवतो. जेवा आधी."

हप्ता वाढवून घेणाऱ्यातला मी नव्हे. आणि शेडमध्ये कापूस टाकायचा म्हणजे राखणीला माणूस ठेवायचा. मी शब्द दिला आणि विसरलो.

माघात एके दुपारी तो पेटला. बिडीने की चुलीच्या ठिणगीने, ते अजून ठरलेलं नाही. मी माझ्या गड्याची बिडी म्हणतो, गडी चूल म्हणतो. कापूस भडकत नाही, तो आतल्या आत धुमसतो आणि मग एकदम घर गिळतो. आईला उचलून बाहेर काढलं, पोरं शाळेत होती म्हणून वाचली. मधली खोली, तिच्यावरचं छत, सागाच्या तुळया, माझ्या लग्नातलं कपाट, सगळं गेलं. स्वतःच्या हाताने बांधलेलं घर असं मधोमध पोखरून काळं झालेलं पाहिलं, आणि मी रस्त्यावर मटकन बसलो. पण बसून राहणं माझ्या स्वभावात नाही. घराची पॉलिसी होती. तुळया परत उभ्या करायच्या तर तीच एक आशा होती.

कापसाची भरपाई मी मागणार नव्हतोच. मला फक्त घराची हवी होती. म्हणून अकोल्याहून कंपनीचा सर्व्हेयर यायच्या आत मी ओली राख बैलगाडीने उचलून नदीत टाकली, भिंती खरवडल्या, आणि शेजारपाजाऱ्यांना बजावलं की कापसाचं नाव काढायचं नाही. साहेब आला. पँट-बुशकोट, गॉगल. सोबत कलमकाका, छत्री काखेत.

"इथे काय ठेवलं होतं?" साहेबाने विचारलं.

"गाद्या-गोधड्या, साहेब. झोपायची खोली."

साहेबाने शेजारच्या पांडू शिंप्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

"गाद्याच होत्या जी," पांडू म्हणाला. "लय गाद्या होत्या."

"किती?"

"आढ्यापावतर."

पांडूला मी नंतर काय ते बोललो. पण साहेब हसला नाही. तो दमला होता, त्याला परतीची गाडी धरायची होती. त्याने पेन उघडलं. झालंच होतं सगळं. इतक्यात मागून खाकरल्याचा आवाज आला.

"साहेब," कलमकाका म्हणाले, "कापूस होता."

मी जन्मात वडीलधाऱ्या माणसाला एकेरी बोललेलो नाही. त्या दिवशी बोललो. "कोणाच्या बाजूनं आहे बे तू? माह्या घरची भाकर खाल्ली ना तुनं?"

"खाल्ली," काका म्हणाले. "पण कलम..."

"तुम्हाला कसं ठाऊक, पाठक?" साहेबाने विचारलं.

"मी पाहिला होता. यांनी हलवतो म्हणून शब्द दिला होता. दिवाळीनंतर वर्षाच्या पाहणीला आलो तेव्हा..."

"कसल्या पाहणीला?"

"वर्षाच्या."

"ही वर्षाची पाहणी काय भानगड आहे?"

काकांचे कान लाल झाले. ते छत्रीच्या मुठीकडे पाहायला लागले. मला त्या वेळी त्यांच्याकडे लक्ष देणं शक्य नव्हतं, कारण मी खोलीभर नाचत होतो. क्लेम नामंजूर झाला. राहत्या घराचं गोदाम केलं, सबब पॉलिसी रद्द.

एस.टी.च्या थांब्यावर मी साहेबाला चहा पाजला, म्हटलं, निदान चहाने तरी काही होतं का पाहू. चहाने काही झालं नाही. पण साहेब बशी खाली ठेवीत म्हणाला, "तुमचे पाठक वल्ली दिसतात. एजंटाने पॉलिसी आणून दिली की त्याचं काम संपलं. वर्षाची पाहणी वगैरे आमच्याकडे काही नसतं. त्याबद्दल कोणी त्यांना छदाम देत नाही, गाडीभाडंसुद्धा नाही."

मला इतका आनंद झाला की क्षणभर जळकं घरही विसरलो. सापडला! फुकट जेवणासाठी पाहणीचं सोंग! घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "जेवण कायचं, एक भाकर खाते तो माणूस. वरून मायची विहीर ऐकून घेते."

छत मी स्वतःच्या हिमतीवर पुन्हा घातलं. सागाच्या जागी बाभळीच्या तुळया आल्या. दिवाळी आली आणि गेली. काका आले नाहीत. येतील कशाला? पॉलिसीच नव्हती. आई दोनदा म्हणाली, "तो विमेवाला बामन यंदा आला नाही काय?" मी म्हटलं, मेला. ती घाबरली, तेव्हा म्हटलं, नाही मेला, जिवंत आहे, काम आहे त्याला.

मग उंद्रीच्या बाजाराला गेलो होतो. तिथे माझ्या ओळखीचा एक डाळवाला आहे, त्याचं दुकान काकांकडेच विम्याला. तोही म्हणाला, "कलमकाका यंदा आले नाही. बायकोनं धिरड्याचं पीठ भिजवून ठेवलं होतं." मी संधी सोडली नाही. त्याला बाजूला घेतलं आणि पाहणीचं बिंग फोडलं.

डाळवाला तागडी पुसत राहिला. "मले माहीत होतं," तो म्हणाला.

"माहीत होतं? कधीपासून?"

"पयल्या वर्षापासून. माहा साडू त्याच कंपनीत आहे अकोल्याले."

"मग येऊ काऊन देता?"

"बायको बाळंतपणात गेली त्याची, लेकरूबी गेलं. तवापासून एकटाच राह्यते. वर्षातून एकदा आला, भिंत ठोकली, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवला. काय जाते आपलं?" मग माझ्याकडे पाहून हसला. "तुमाले आता समजलं काय जी? तुम्ही तर लय हुशार."

मला जगात दोन गोष्टी सहन होत नाहीत. एक, बांधलेला भाव. दुसरी, आपल्या आधी डाळवाल्याला एखादी गोष्ट कळणं. मी त्याच तावात मोटार साखरखेर्ड्याकडे वळवली.

तेलाच्या घाण्यावरची एक खोली. भर दुपारी दार उघडं. आत एक खाट, स्टो, पाण्याचा माठ, खुंटीला तो कोट आणि छत्री. काका खाटेवर बसून सुपारी कातरत होते. मला पाहून उठले आणि आधी चहाला लागले. कप एकच होता. दुसरा शेजारच्या घरून मागून आणला.

"मोटारीची पॉलिसी संपत आली," मी म्हटलं. "म्हणून आलो."

"मोठी घ्या या वेळी."

"लहानच. अन् तुमच्या या खोलीचा विमा?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली, अगदी माझ्या घरात फिरवत तशी. "यात बसवण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तुमच्या मातोश्री देवाजवळचा दिवा आता काचेत ठेवतात ना?"

माझं डोकं तिथेच फिरलं. भांडायला आलेल्या माणसाला कोणी असं विचारतं? मी कप आदळला.

"पाहणी राह्यली यंदाची. चला."

"पॉलिसी नाही, नामदेवराव. पाहणी कलमात नाही."

"ते कधी होती कलमात?" मी ओरडलो. "साहेबानं सांगितलं मले. त्या डाळवाल्यालेबी माहीत आहे, साऱ्या जगाले माहीत आहे!"

काकांनी पुन्हा हातात घेतलेला अडकित्ता थांबला. त्यांचे कान त्या दिवशीसारखेच लाल झाले. मग मला सुचलं ते मी केलं. मला एकच गोष्ट येते, भाव करणं.

"वर्षातून दोनदा," मी म्हटलं. "दिवाळीले अन् अक्षय तृतीयेले."

"हे काय बोलता?"

"पाहणी. दोनदा. नव्या तुळया बाभळीच्या आहे, त्याले जास्त पाहा लागते."

"एकदाच असते," ते पुटपुटले.

"दोनदा. नाहीतर कंपनीले लिहून कळवतो, तुमचा एजंट लोकांच्या घरी जेवते म्हणून."

त्यांनी अडकित्ता खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "तुम्हाला मी दर सांगितला नाही आणि तुम्ही भाव करता आहात."

"सवय आहे. छत्री घ्या."

मोटारीत ते माझ्या शेजारी बसले. वाटेत डावा दिवा अजून बदलला नाही हे त्यांनी मला सांगितलं, ब्रेक ढिले आहेत हे सांगितलं, आणि माझं नुकसान झालं तर लहान पॉलिसीत काहीच मिळणार नाही हेही सांगितलं. घरी पोचल्यावर त्यांनी नवी भिंत मुठीने ठोकली, बाभळीच्या तुळयांना नाक मुरडलं, आईची विहीर ऐकली. माझं क्लेमाचं दुःख कमी झालेलं नाही, ते होणार नाही, आणि त्या माणसाला मी माफही केलेलं नाही.

पाटावर बसताना त्यांनी नेहमीप्रमाणे उंबऱ्याकडे पाहून विचारलं, "घरात माणसं किती?"

"सात," बायको आतून म्हणाली.

मी दचकून वर पाहिलं. पोरं तीनच होती, कोणी पाहुणं आलेलं नव्हतं. एका शब्दाचीही चूक दुरुस्त केल्याशिवाय ज्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, तो खाली मान घालून भाकर कुस्करत राहिला, आणि काही बोलला नाही.